हवालदारकाकांचा अल्बर्ट

हवालदारकाका कुणावर तरी रागावले नाहीत असा दिवस इथे परदेशात, आमच्या मिल्टन गावात, उजाडला नसेल. पण परक्यावर ते राग फुकट घालवत नसत. ज्याच्यावर खेकसले तो त्यांचा आपला माणूस. माझ्यावर पहिल्याच भेटीत खेकसले. आमच्या नव्या वस्तीत पोस्टमन दारात येत नाही. गल्लीच्या टोकाला लोखंडी पेट्या आहेत, तिथे जाऊन आपल्या किल्लीनं टपाल काढायचं. मी आठ-दहा दिवसांनी पेटी उघडली आणि जाहिरातींच्या फ्लायर्सचा अख्खा गठ्ठा रिसायकलिंगला टाकायला निघाले. मागून आवाज आला, "अगं ए! त्यातल्या एकावर हातानं पत्ता लिहिलाय. माणसानं लिहिलंय ते. टाकतेस काय?" पत्र माझ्या मावशीचं होतं.

काका मूळचे साताऱ्याकडचे. लष्कराच्या टपालात पंचवीस वर्षं काढून हवालदार म्हणून रिटायर झालेले आणि दोन हजार सातच्या सुमारास मुलाकडे, सतीशकडे, राहायला आलेले. सतीशचं घर आमच्यापासून चार घरं सोडून. तिथल्या बेसमेंटमध्ये काकांचा मुक्काम. मराठी मंडळात कुणीतरी त्यांना लाडानं 'कर्नल' म्हणालं, तर म्हणाले, "कर्नल तुझा आजा. मी हवालदार. ते मी कमावलंय."

दर रविवारी सतीशला गाडी काढायला लावून ते जुन्या वस्तूंच्या बाजारात जात आणि एकाच गावाची पोस्टकार्डं शोधत. ऑल्डरशॉट, इंग्लंडमधलं लष्करी छावणीचं गाव. शंभर वर्षांपूर्वीच्या बराकी, रविवारी चर्चला निघालेली पलटण, बादलीभोवती बसून बटाटे सोलणारे सोल्जर. मला ते डोक्यात जायचं. एकदा बोललेच, "काका, ज्यांनी आपल्यावर राज्य केलं त्यांचे फोटो कसले जमवता?"

"फोटो गेला चुलीत," ते म्हणाले. "उलटं कर."

मागे पत्रं होती. बारीक अक्षरातली, कडेकडेनं वळवून लिहिलेली. "माझ्या हातून पोत्यानं पत्रं गेली," काका म्हणाले. "अडाणी जवानांना वाचून दाखवली. पण पुढं काय झालं ते एकाचंही कळलं नाही. तो बदलून जायचा, नाहीतर मी." वाचायची त्यांची रीत ठरलेली. आधी शिक्का, मग पत्ता, मग मजकूर. आणि शब्द बदलायचा नाही. एका जवानाची आई गेल्याचं पत्र आलं तेव्हा सगळे म्हणाले, आज सांगू नका. काकांनी जसंच्या तसं वाचलं. "बदललं असतं तर ते त्याचं पत्र राहिलं नसतं. माझं झालं असतं."

त्या ढिगात त्यांना अल्बर्ट सापडला. आईला लिहिणारा एक पोरसवदा सोल्जर. एकाच विक्रेत्याकडून, एक-एक करत, काकांनी त्याची आठ कार्डं मिळवली. बूट चावतात, सार्जंट ओरडतो, बराकीच्या फोटोवर फुली मारलीय ती माझी खिडकी. आणि प्रत्येक कार्डाच्या शेवटी, रजेचं बघतो. काका संतापायचे. "बघतो, बघतो! अरे कार्ट्या, ती म्हातारी वाट बघतेय, जा की एकदा!" सतीश समोर असला की आवाज जरा जास्तच चढायचा.

नववं कार्ड मिळालं तोवर काकांचे मोतीबिंदू पिकले होते. पुसट पेन्सिलीचा मजकूर त्यांना दिसेना. इथे ऑपरेशनचा नंबर कित्येक महिन्यांनी. सतीश म्हणे, "स्कॅन करून मोठं करू, बाबा," आणि केलं नाही. मग काका मला म्हणू लागले, "तू वाचून दाखव. त्याला रजा मिळाली का, एवढंच सांग." मी म्हणायची, "पुढच्या वीकेंडला, काका, नक्की." ऑफिसातला सॉफ्टवेअरचा रिलीज, लेकीचं स्विमिंग. असे चार वीकेंड गेले. पाच ओळी होत्या हो त्या! पाच ओळी वाचायला मला वेळ नव्हता.

आणि मग मंडळाची दिवाळी. 'आपले ज्येष्ठ, त्यांचे छंद' असं प्रदर्शन, जबाबदारी माझी. सतीशनं काकांच्या कार्डांचा डबाच आणून दिला. काकांनी फोनवर बजावलं, "दोन्ही बाजू दिसल्या पाहिजेत." मी हो-हो म्हटलं, कानाला फोन आणि हातात कात्री. शाळेत जे शिकलो तेच केलं. निळा चार्टपेपर, स्केचपेननं शीर्षक, कडेला वेलबुट्टी. कोपरे उचलू नयेत म्हणून प्रत्येक कार्डाला पाठभर पांढरा गोंद लावला आणि वर लेकीचा जाडजूड ॲटलास ठेवला. एकही कार्ड वाकडं लागलं नाही. याचा मला अभिमान वाटला होता, हे लिहिताना आजही स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

कार्यक्रमाच्या दिवशी शाळेच्या जिमच्या हॉलमध्ये मंडळाच्या अध्यक्षबाईंनी काकांना शाल-श्रीफळ दिलं. टाळ्या झाल्या. काका शाल सावरत चार्टपाशी गेले. दिसत नव्हतंच, म्हणून बोटांनी चाचपलं. एका कार्डाच्या कडेत नख घालून बघितलं. नख शिरेना. "मागची बाजू?" त्यांनी विचारलं. त्यांनी नारळ टेबलावर ठेवला आणि गरजले, "एवढी माणसं बोलत होती इथं! सगळ्यांची तोंडं दाबलीत!" मग माझ्याकडे वळून, "आणि तू गं? तुला सांगितलं होतं ना?"

घरी जाताना पार्किंगमध्ये अध्यक्षबाई मला म्हणाल्या, "किती टची आहेत ना काका? झेरॉक्स काढून देऊ त्यांना." मी म्हटलं, "कशाची झेरॉक्स? गोंदाची?" त्या दिवसापासून आमचं बोलणं नाही, आणि मला त्याचं काडीचंही वाईट वाटत नाही.

पण बाईंनी तरी काय केलं होतं? केलं मी. आणि निस्तरायला गेले ते अजून मोठं. काकांना न विचारता अल्बर्टचं नववं कार्ड चार्टासकट कापून कोमट पाण्याच्या ट्रेमध्ये ठेवलं. गोंद सुटला. त्याबरोबर पाणी जांभळं झालं. पूर्वीची ती पेन्सिल पाणी लागलं की शाईसारखी पसरते. पोस्टातल्या माणसाला हे माहीत असणारच, मी विचारलं असतं तर. वाचता आले तेवढे दोनच शब्द: वर 'मदर' आणि खाली 'अल्बर्ट'. शिक्क्याच्या जागी नुसता डाग.

महिन्याभरात काका ऑपरेशनला साताऱ्याला गेले. निघताना गाडीच्या काचेतून ओरडले, "ते कार्ड सोडव! पाणी लावू नकोस!" मी मान डोलावली. कार्ड तेव्हा माझ्या किचनच्या खिडकीत वाळत पडलं होतं.

पुढे तीन आठवड्यांनी त्यांचा फोन आला. आवाजात नुसता आनंद. "पोरी, लख्ख दिसतंय! भिंतीवरल्या कॅलेंडरातली तिथी वाचतोय. अल्बर्ट सुटला का?"

"सुटला, काका."

"मग वाच."

मी ते जांभळं कार्ड हातात घेतलं आणि म्हणाले, "रजा मिळाली म्हणतोय. नाताळला येतो म्हणतोय आईकडे."

त्यांनी विचारलं, "शिक्का कुठला आहे?"

मी त्या डागावरून अंगठा फिरवला. मी वाट बघत होते, आता कडाडतील. अगं ए म्हणतील, आजा-पणजा काढतील. त्यांनी ते करावं म्हणून मी फोन दोन्ही हातांनी धरून उभी होते.

"असू दे," काका शांतपणे म्हणाले. "तुम्ही कामाची माणसं. वेळ काढलात, उपकार झाले." आणि फोन ठेवला.

त्या उन्हाळ्यात काका साताऱ्यातच वारले. सतीशला त्यांना भेटायला जायचं होतं, तो तिकिटांचं बघत होता.