देशाच्या नावाचं ट्रेनिंग

चाकणच्या आमच्या कंपनीत एका पार्टला दोन नावं असणं हा गुन्हा आहे. नट एकच आणि नावं दोन, म्हणजे उद्या खोक्यात भलताच माल जाणार. त्यामुळे ऑडिटला आलेल्या साहेबांनी आमच्या लेबलवर वर 'भारत' आणि खाली 'इंडिया' पाहिलं आणि लाल शेरा मारला: एकाच देशाला दोन नावं, सात दिवसांत कारण द्या.

हसू नका. मी तेव्हा क्वालिटीत ट्रेनी होतो. हा शेरा बंद झाला तरच तुला पर्मनंट करू, असं मॅनेजरने मला स्वच्छ सांगितलं होतं. तिकडे निगडीला माझ्या लग्नाची बोलणी त्याच पर्मनंटच्या पत्रावर अडली होती.

आमच्याकडे काहीही चुकलं की एक फॉर्म भरतात. पाच वेळा 'का' विचारायचं आणि पाचव्या उत्तराला मूळ कारण म्हणायचं. मी बसलो भरायला. दोन नावं का? राज्यघटनेतच दोन्ही आहेत. मग इंडिया का? इथे गाडी अडली. शेवटी लेबल मशीनवरच्या चाचांकडे गेलो. चाचा पिढ्यान्‌पिढ्या चाकणचे, निवृत्तीला आलेले, वडिलांकडून थोडी फारसी शिकलेले.

"सिंधू नदीवरनं," ते म्हणाले. "इराणी लोक 'स'चा 'ह' करायचे, म्हणून हिंद. पुढं ग्रीक लोकांनी 'ह' बी खाल्ला, ऱ्हायलं इंड. अन् भारत म्हंजे भरत नावाची जुनी टोळी व्हती, तिच्यावरनं म्हणत्यात. आमच्या घरात हिंदुस्तान म्हणत्यात, ते बी लिव्ह."

तिसरं नाव मी गिळून टाकलं. दोनाचाच निकाल लागत नव्हता.

मॅनेजरने फॉर्म वाचला. "मूळ कारण इराण? अरे, बाहेरच्या सप्लायरवर कारवाई कशी करणार?"

"सर, फार जुनी गोष्ट आहे ती."

"मग नेहमीचं लिही."

नेहमीचं म्हणजे, कामगाराला माहिती नव्हती, ट्रेनिंग दिलं. सोबत त्याची सही जोडायची. लेबल मशीनवर कामगार एकच होता.

कागदावर छापलं होतं: 'मला माझ्या देशाच्या नावाचे प्रशिक्षण मिळाले असून ते मला समजले आहे.' प्रशिक्षक म्हणून खाली माझं नाव. चाचांनी चष्मा लावून दोनदा वाचलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यांनी कागद माझ्या तोंडावर फेकला असता तर बरं वाटलं असतं.

"ह्याच्यानं तुझं काम व्हतंय का?"

"होतंय, चाचा."

"मग आण इकडं."

सावकाश, पूर्ण नाव लिहून त्यांनी सही केली.

पंधरा दिवसांत मला पत्र मिळालं. मी सगळ्यांना पेढे वाटले. चाचांनीही घेतला आणि माझ्या डोक्यावर हात ठेवला. शिकलो मी होतो आणि सही त्यांची होती, हे मी अजून घरीसुद्धा सांगितलेलं नाही.