तळपाय

वैजयंताचे डोळे मिटतात न मिटतात तोच गल्लीतून भांडीवाली ओरडत जाते. रात्रभर बाटल्यांच्या कारखान्यात पॅकिंगला उभी राहून ती नुकतीच घरी आली आणि मोजेही न काढता आडवी झाली आहे. खिडकीला जाड चादर लावलीय, तरी कडेकडेनं ऊन आत घुसतंच. आधी हात झोपतात, मग पाय. डोकं तेवढं जागं राहतं. मग तेही बुडतं.

पायथ्याशी अंकुश बसलाय. तिचा नवरा. त्याला जाऊन वर्ष होत आलं. त्याच्याच जागेवर कंपनीनं तिला घेतलंय, रात्रपाळीसकट.

"मेल्यावर तरी माणसानं रात्री यावं," ती चिडून म्हणते. "भरदिवसा काय येता?"

"रात्री घरी यायची सवय कुठाय मला?"

ती उठून पाय खाली टेकते. फरशी भाजते. समोर भट्टी धगधगतेय, पट्ट्यावरून लालभडक बाटल्या सरकतायत. अंकुश गणवेशात आहे, पण अनवाणी. तो भट्टीच्या उजेडात पाय उचलून दाखवतो. तळव्यावर चिंचोक्याएवढा काळा डाग.

"हे तेव्हा दाखवायचं होतं!"

"कधी? मी यायचो तेव्हा तू शाळेत खिचडी शिजवायला निघालेली. तू यायचीस तेव्हा मी घोरत पडलेलो. कुरूप समजून ब्लेडनं तासत राहिलो." तो पाय खाली ठेवतो. "वीस वर्षं धड ऊन बघितलं नाही, वैजू. आणि झाला तो कातडीचाच कॅन्सर, उन्हानं होतो म्हणतात तो."

ती काही बोलणार, तोवर दोघं दवाखान्याच्या बाकावर बसलेले असतात. बाटल्या मात्र अजून सरकतायत. डॉक्टर कंपनीच्या साहेबांना सांगतायत, "रात्रपाळीमुळंच झालं असं छातीठोक सांगता येत नाही. पण झोपेचं चक्र बिघडलं की शरीराची आतली डागडुजीही बिघडते, असा संशय आहे."

"सांगता येत नाही," साहेब मान डोलावतात आणि उठतात.

"पुढचं! पुढचं पण ऐका की!" वैजयंता ओरडते. तोंड हलतं, आवाज फुटत नाही.

"जाऊ दे," अंकुश म्हणतो. "मला तरी ते पुढचं कुठं ऐकू आलं होतं?"

आता बाक नाही, पलंगच आहे. तो तिचा पाय ओढून मांडीवर घेतो आणि मोजा काढायला लागतो. उभ्या संसारात त्यानं कधी तिच्या पायाला हात लावला नव्हता.

"अहो, काय करताय?"

"गप पड."

तो वाकतो. अंगठ्यापासून टाचेपर्यंत, बोटांच्या बेचक्यांतसुद्धा बघतो. मग करंगळीपाशी थांबतो.

"काय दिसतंय? सांगा की!"

तो मान वर करतो. तोंड उघडतो.

शेजारच्या कुकरची शिट्टी होते.

वैजयंता घामानं निथळत उठून बसते. घरात कुणी नाही, दाराला आतून कडी. उजवा पाय उघडा. मोजा खोलीतल्या दोरीवर, नीट झटकून, उलटा करून वाळत घातलेला.

कितीतरी वेळ ती त्या मोज्याकडे बघत राहते. मग खिडकीवरची चादर ओढून काढते आणि उन्हात पाय मांडीवर घेते. टाचेच्या भेगा दिसतात. पाऊल आणखी वळवते, मान मोडून बघते. पण करंगळीकडची बाजू काही केल्या नीट दिसत नाही. ती बघायला दुसरं माणूस लागतं.