खरवसातून वीज

जुन्या जालन्यातल्या आमच्या हायस्कुलात विज्ञान शिकवायला बाई ठेवली, याचं संस्थेच्या अध्यक्षांना इतकं कौतुक होतं की वर्ष उलटलं तरी त्यांनी मला कायम केलं नाही. शिक्षण खात्याचे साहेब तपासणीला येतील, त्यांच्यापुढे एक प्रयोग करून दाखवा, मग बघू, असं ठरलं. विज्ञान सोडून दुसरं काही शिकवायचं माझ्या मनातसुद्धा नव्हतं.

मी अंड्याचा पांढरा बलक निवडला. त्यातून बॅटरीची वीज सोडायची, वीज मोजायच्या यंत्राचा काटा कुठे थांबतो ते पाहायचं, मग बलक तापवून, गार करून पुन्हा पाहायचं. मिठाचं पाणी गार झालं की काटा जुन्या जागी येतो. बलकातलं प्रथिन मात्र तापून एकदा गोठलं की गोठलं. काटा परत तिथे येत नाही.

अध्यक्ष धान्याचे व्यापारी. त्यांच्या घरात कांदासुद्धा शिरत नसे. अंड्याचं नाव काढताच खुर्चीवरून उठले.

"बाई, शाळेत अंडं? बिलकुल न्हाई! दुधात काय कमी हाय? दूध घ्या."

घेतलं. त्यांच्यासमोरच तापवलं, गार केलं. काटा होता जवळपास तिथेच आला.

"बराबर!" अध्यक्ष खूश. "काहीच बिघडलं न्हाई. हाच प्रयोग करा."

काहीच न घडणं म्हणजे यश, अशी त्यांची समजूत होती. शाळाही ते त्याच पद्धतीने चालवत.

तपासणी दुसऱ्या दिवशी होती. मी डोकं धरून बसले. आमचा शिपाई दारात घोटाळत होता, तो म्हणाला, "बाई, आमची म्हैस आजच व्याली. चीक आणू का? तो बी तापला की गोठतोच न्हाई का?"

बी.एस्सी. मी होते आणि सुचलं त्याला! मला स्वतःची लाजच वाटली.

दुसऱ्या दिवशी चीक तापला, पांढराशुभ्र गोठला, गार झाला. काटा जुन्या खुणेपासून चांगला दूर उभा राहिला. मी आनंदाने जवळजवळ ओरडलेच, "साहेब, काटा बघा!"

साहेब काचपात्रात बघत होते. "गूळ नाही घातला?"

"विलायची पायजे होती," अध्यक्ष म्हणाले.

"त्यात वीज सोडायच्या तांब्याच्या पट्ट्या आहेत," मी म्हटलं.

"मग काढा की," साहेब म्हणाले.

शेवटी उरलेल्या चिकात गूळ घालून दुसरं भांडं चढवावं लागलं. साहेबांनी चार वड्या खाल्ल्या. बाईंचा हात चांगला आहे, म्हणाले.

महिन्याभराने हुकूम आला. मला कायम केलं होतं, मुलींना स्वयंपाक शिकवण्यासाठी. विज्ञानाला नवे मास्तर नेमले. पहिल्याच दिवशी ते मला विचारायला आले, बॅटरीच्या तारा कुठे जोडायच्या. मी जोडून दिल्या आणि शेगडी पेटवायला गेले. तेव्हा आलेला राग अजून गेलेला नाही.