आमच्या हिची चाल

आता हेही मीच सांगायचं? चहा प्यायला आलात ना, गप प्या की! बरं, ऐका. पण मध्ये हसायचं नाही.

लग्नाआधी मी कमळेला बघायला गेलो. रिवाजाप्रमाणे मुलीला गाणं म्हणायला सांगितलं. बाकीच्या मुली देवाचं म्हणतात. ही दोन बहिणींना घेऊन उभी राहिली, टाळ्या वाजवत, डोलत! अशी चाल मी जन्मात ऐकली नव्हती. शब्दांकडे कोण बघतो? मी ताटातले गरम तळलेले बोंडे खात होतो. सगळे खुदुखुदु हसत होते, मला वाटलं मी पसंत पडलो. चाल हिनंच बांधली असं धरून तिथंच होकार दिला, आणि पुढं जन्मभर जगाला सांगत सुटलो, माझ्या बायकोची चाल!

यंदा इकडं तमिळ मुलखात, आमच्या तांबरमच्या गणपतीत आमची नात मीनू दोन मैत्रिणींबरोबर तेच गाणं म्हणणार होती. तालमीच्या वेळी मला घराबाहेर काढायचे. मी कटकट करतो म्हणे!

त्यांच्या आधी शहरातल्या अड्यार भागातल्या तीन पोरी आल्या. गाणं इंग्रजी. आणि चाल? तीच! टाळ्यासुद्धा त्याच!

मी ताडकन उभा. "बंद करा! चोरी आहे ही! माझ्या बायकोची चाल आहे!"

आजोबांना इकडं ताता म्हणतात; त्यातली एक माइकवरूनच म्हणाली, "ताता, हे फार जुनं आहे. परदेशातल्या तीन मुलींचं." आणि मोबाइल आणून दाखवला की हो! डोक्यावर केसांचे डोंगर केलेल्या तिघी. मग त्याची तमिळ नक्कल, हिंदी नक्कल, लग्नाच्या बँडवाल्यांची नक्कल...

"अगं कमळे!"

"मी कधी म्हटलं माझी चाल? रेडिओवर ऐकली, शब्द घातले. दवंडी तुम्ही पिटलीत!"

तिकडं मीनू रडायला लागली. "ताता, आता सगळे आम्हालाच चोर म्हणतील. मी नाही जात स्टेजवर!"

मेलो! पोरीची सगळी मेहनत माझ्या तोंडापायी पाण्यात.

कमळा गुडघा धरून उठली. "रडतेस काय? ज्यानं त्यानं आपले शब्द घातले, म्हणून तर गाणं टिकलं. चल, मी येते." अड्यारच्या पोरींनाही स्टेजवर थांबवून घेतलं. टाळ्या सुरू झाल्या. मला हायसं वाटलं, वडा घेऊन बसलो.

आणि पहिल्यांदा शब्द नीट ऐकले.

"बघायला आला गं, बघायला आला,
बघतोय नुसता बोंड्यांच्या ताटाला!"

अख्खा हॉल वळून माझ्याकडं. माझ्या तोंडात वडा!

मीनूला वन्स मोअर मिळाला. अड्यारच्या पोरी ते शब्द शिकून गेल्या, आता तिकडंही म्हणणार. म्हणू देत, गाणं चांगलंय. पण मी इतकी वर्षं ज्या गाण्याची मिरवणूक काढली, त्यात मीच नवरदेव, हे एका शब्दानं सांगितलं नाही, त्याची माफी अजून यायचीय. कुणाकडून? मघाशी चहा ठेवताना गुणगुणत होती ना, ती. कमळा!