ग्राफिक्स कार्डावरची माझी सही

मी आजवर एकोणीस विमानं पाडली आहेत. त्यातली चौदा आमच्या कॉम्प्युटरच्या दोषामुळे पडली. उरलेल्या पाचांबद्दल मी बोलत नाही.

घाबरू नका! मी गणिताची निवृत्त शिक्षिका आहे, ठाण्यात खोपटला राहते, आणि ही सगळी विमानं आमच्या हॉलमधल्या टेबलावर, कॉम्प्युटरच्या पडद्यात पडली. विमान चालवायचा खेळ असतो, त्यात. खऱ्या विमानासारखी बटणं, घड्याळं, खाली खराखुरा मुलूख. आणि हे मी हौस म्हणून करत नव्हते (थोडी हौस होती), आमच्या ह्यांच्यासाठी करत होते.

आमचे हे, म्हणजे वसंतराव, मूळचे चिपळूणकडचे. कोलशेतच्या एका कारखान्यात उभा जन्म काढला, बॉयलरला कधी घाबरले नाहीत. पण विमानाचं नुसतं नाव काढलं तरी घाबरायचे! मुलगी केतकी ऑस्ट्रेलियात. तिची मुलगी रांगायला लागली, चालायला लागली, आणि आजोबा इथून फोनच्या पडद्याला ‘ये, ये’ करत बसलेले.

“बोटीने येता येतं का, विचारून ठेव,” हे केतकीला सांगायचे.

शेवटी तिनेच उपाय काढला. “आई, बाबांना कॉम्प्युटरवर रोज थोडं थोडं विमान दाखव. भीती मोडेल. पण या महिन्यात तिकिटं काढू या हं, नाहीतर पिल्लूचा दुसरा वाढदिवसही तुम्ही फोनवरच बघाल.”

मी कामाला लागले. यांना खुर्चीत बसवलं, कमरेला माझी ओढणी पट्टा म्हणून बांधली, हातात लिमलेटची गोळी दिली आणि विमान सोडलं. आता आमचा कॉम्प्युटर केतकीच्या कॉलेजच्या वेळचा. त्याच्यावर चित्र दर तीन सेकंदांनी हलायचं. एका चित्रात आम्ही ठाण्याच्या खाडीवर, पुढच्या चित्रात खाडीत! मधलं काहीच नाही.

“इतकं पटकन होतं?” यांनी विचारलं. गोळी घशात अडकली होती.

चौदाव्या विमानानंतर त्यांनी ओढणी सोडली ती पुन्हा बांधून घेतली नाही. पुढची तीन मी एकटीनेच पाडली.

“आई, त्यात ग्राफिक्स कार्डच नाहीये,” केतकी म्हणाली. “ते टाकून घे, रॅम वाढव, हार्ड डिस्क बदल. पळेल.”

मी डोंबिवलीच्या शाळेत बरीच वर्षं शिकवलं. माजी विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर विचारलं, तर दहा जणांचं एकच उत्तर: ‘बाई, आपला निलेश आहे ना! मानपाड्याला दुकान आहे त्याचं.’

निलेश! नववीत याने प्रगतिपुस्तकावर वडिलांची सही केली होती. वडिलांपेक्षा इतकी सुरेख, की तेवढ्यावरूनच मी पकडला. आणि असा मुलगा आता लोकांचे कॉम्प्युटर उघडून बसतो? आतलं कोणाला दिसतं का?

पण दुसरं कोणी ओळखीचं नव्हतं. सीपीयू जुन्या चादरीत गुंडाळला, मांडीवर घेतला आणि बसने मानपाड्याला गेले. शेजारची बाई वाटभर गाठोड्याकडे बघत होती. मीही तिच्याकडे बघत होते. तिचा काय भरवसा!

“बाई, तुम्ही?” निलेश उठून उभा राहिला. पोट सुटलेलं, चष्मा लागलेला. “ठेवून जा. उद्या घेऊन जा.”

“मी इथेच बसते.”

“चार तास लागतील, बाई.”

“तीन तासांच्या पेपरला मी सुपरवायझर म्हणून उभी राहिलेय. चार तास बसू शकते.”

स्टूल ओढून मी त्याच्या समोर बसले. प्रत्येक नवा भाग खोक्यातून निघाला की आधी माझ्या हातात. मी उलटसुलट बघायची (काही कळत नव्हतं, पण चेहरा कळल्यासारखा) आणि पुरवणीवर करतात तशी स्केचपेनने कोपऱ्यात सही ठोकायची. रॅमवर सही. हार्ड डिस्कवर सही. ग्राफिक्स कार्डावर सही आणि तारीख!

“बाई, हे कशाला?” निलेश घाम पुसत म्हणाला.

“मान खाली. काम कर.”

तो काम करता करता काहीतरी समजावत होता. वर, खाली, मागे, वायर... माझं लक्ष त्याच्या बोलण्याकडे नव्हतं, हातांकडे होतं. बोलण्यात गुंतवून हातचलाखी करतात, हे मला काय नवीन?

निघताना तो म्हणाला, “बाई, मी रविवारी घरी येऊन जोडून देऊ का? त्यात काय.”

“काही गरज नाही,” मी म्हटलं. घरी येऊन आणखी काय बदलेल, कोण जाणे!

घरी आल्यावर सगळ्या वायरी पूर्वी होत्या तिथे एकेक करून मी स्वतः लावल्या. कॉम्प्युटर चटकन सुरू झाला. हेही मला संशयास्पद वाटलं. पूर्वी त्याला निदान विचार करायला वेळ लागायचा. विमान सोडलं. एका चित्रात धावपट्टी, तीन सेकंद शांतता, पुढच्या चित्रात शेपूट वर!

“बघितलंत?” मी ओरडले. “जुनंच कार्ड घातलंय!”

“जुनं कार्ड नव्हतंच म्हणे आपल्यात,” हे पेपरातून म्हणाले.

“मग दुसऱ्या कोणाचं जुनं!”

स्क्रू काढून बाजूचा पत्रा उघडला. बॅटरी मारली. कार्डावर माझी सही होती. मग डोक्यात लख्ख प्रकाश पडला. दुसऱ्याची सही करणारा कोण? निलेश!

मी भिंग आणलं. जुनं पासबुक आणलं. यांना कोपराने ओढून खाली बसवलं. “बघा, नीट बघा. माझ्या सहीत शेवटची रेघ अशी वर जाते का?”

“अगं, तुझीच सही आहे.”

“माझी इतकी चांगली येत नाही!”

“हां, हे मात्र खरं,” हे म्हणाले.

दुसऱ्या दिवशी पुन्हा चादर, पुन्हा गाठोडं, पुन्हा बस. या वेळी साक्षीदार म्हणून हे बरोबर. दुकानात दोन-तीन गिऱ्हाइकं होती, एकजण प्रिंटर घेऊन आलेला. मला वर्ग भरलेलाच बरा वाटतो.

“निलेश, उभा राहा!”

तो उभाच होता. प्रिंटरवाला मात्र दचकून स्टुलावरून उठला.

“ही सही कोणी केली?”

“तुम्ही, बाई. माझ्यासमोर.”

“विमान तरीही अडकत पडतं. का?”

निलेशने सीपीयू काउंटरवर घेतला, स्वतःच्या मॉनिटरला जोडला आणि माझाच खेळ चालू केला. विमान उठलं. खाली पाणी चमकत होतं, ढगांच्या सावल्या डोंगरांवरून सरकत होत्या. एकही हिसका नाही! प्रिंटरवाला म्हणाला, “आयला, भारी!”

“इथे चालतं!” मी म्हणाले. “घरी गेलं की अडकतं. म्हणजे तू काहीतरी करून ठेवलंयस!”

“घरी मॉनिटरची वायर कुठे लावलेली, बाई?”

“पूर्वी होती तिथेच. वरच्या खाचेत.”

निलेश चष्मा काढून पुसत बसला. हसू दाबायची ही पद्धत मी स्टाफरूममध्ये पुष्कळ पाहिली आहे.

“ती खाच जुन्या बोर्डाची,” तो हळूच म्हणाला. “नवं कार्ड खाली आहे. वायर खाली लावायची. तुम्ही वर लावली म्हणजे कार्ड नुसतं बसून राहिलं, त्याला कोणी काम सांगितलंच नाही. मी बोललेलो तेव्हा.”

“मला ऐकू आलं नसेल.”

“मग फोटो पण पाठवलेला. लाल बाण काढून. व्हॉट्सअॅपवर.”

मी मोबाइल काढला. फोटो होता. तो मी उघडलाच नव्हता. दुकानदाराकडून आलेला फोटो उघडला की बँकेतलं सगळं जातं, अशी माझी पक्की माहिती होती. शिवाय निलेशचा नंबर मी त्याच संध्याकाळी ब्लॉक करून टाकला होता.

कान तापले होते. भरल्या दुकानात कुठे बघावं कळेना. हे तर भिंतीवरचं माउसचं पोस्टर मन लावून वाचत होते. तेवढ्यात निलेश गिऱ्हाइकांकडे वळून म्हणाला, “या माझ्या बाई. गणित यांनीच घातलं डोक्यात.” आणि चहा मागवला.

“निलेश,” मी जाताना म्हटलं, “रविवारी येशील जोडायला?”

“येतो ना, बाई. पण आधी मला अनब्लॉक करा.”

रविवारी त्याने वायर खालच्या खाचेत लावली. फोनवर केतकी, तिच्या कडेवर पिल्लू. हे खुर्चीत, शेजारी निलेश. मी विमान सोडलं. काय सांगू! खाडी झुळझुळत गेली, घोडबंदरची वळणं दिसली, ढगातून आम्ही लोण्यातून जावं तसे गेलो. परत येताना धावपट्टी समोर आली, चाकं टेकली, आणि विमान धावपट्टी सोडून गवतात, गवतातून रस्त्यावर, रस्त्यावरून थेट एका इमारतीत शिरलं.

चित्र मात्र एकदाही अडकलं नाही.

“ग्राफिक्स एक नंबर आलंय, बाई,” निलेश म्हणाला.

यांनी फोन हातात घेतला. “केतकी, तुमच्या त्या विमानांवर पायलट कोण असतो गं?”

“विमान कंपनीचा असतो, बाबा. चांगला शिकलेला.”

“तुझ्या आईला चालवायला देत नाहीत ना?”

“छे! दारापाशीसुद्धा उभं करणार नाहीत.”

“मग काढ तिकीट,” हे म्हणाले. “उगाच घाबरत होतो मी.”