सागवानी भुसा

मुलगी नागपूरच्या होस्टेलला गेली आणि तिचा जर्बिल माझ्या गळ्यात पडला. जर्बिल म्हणजे उंदराच्या जातीतला, शेपटीला गोंडा असलेला इवलासा प्राणी. आधी मला त्याची किळस यायची. मग तो माझ्या तळहातावर बसून सूर्यफुलाचं बी सोलायला लागला आणि किळस कुठल्या कुठे पळाली.

त्याला बिळं करायला पेटीत वीतभर जाड अंथरूण लागतं. ते मामाजींनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, स्वतःहून आणलं. त्यांचं सगळं आयुष्य बल्लारपूरकडे आरा मशीनवर लाकूड कापण्यात गेलं. आमच्या भागात सागवानापुढे दुसऱ्या लाकडाला कुणी हिंग लावून विचारत नाही. तेव्हा ओळखीच्या फर्निचरवाल्याकडून त्यांनी पोतंभर सागवानी भुसा आणला आणि जावयाला गादी घालावी तसा पेटीत पसरला.

"वाळवीबी लागत नाई याले," ते म्हणाले. "राजावानी झोपन आता तो."

राजा थोड्याच दिवसांत शिंकायला लागला. नाकाभोवती लाल डाग आले, श्वास घेताना बारीक टकटक ऐकू येऊ लागली. मी त्याला डब्यात घालून जनावरांच्या डॉक्टरांकडे नेलं. गाय-शेळ्या घेऊन आलेले लोक माझ्या डब्यात डोकावून हसले. हसू देत. डॉक्टरांनी औषधाचे थेंब दिले आणि बजावलं, भुसा आजच काढा. त्याची बारीक धूळ आणि उग्र वास, दोन्ही अशा जिवाच्या छातीला बाधतात.

मामाजींना हे मुळीच पटलं नाही. "जलम गेला माहा त्या भुशात. मले का झालं? तो गाईचा डॉक्टर, त्याले उंदराचं का समजते?"

"ज्याच्या जवळ वाळवी जात नाई, ते याच्या नाकाखाली कायले ठेवाचं?" मी म्हणाले आणि त्यांच्यादेखत पेटी रिकामी केली. ते रुसले, जेवले नाहीत. मीही आग्रह केला नाही. पोरीला फोनवर वाईट बातमी द्यायची नाही, एवढंच मी मनाशी पक्कं केलं होतं. आणि खरं सांगायचं तर तो आता माझाही झाला होता.

पण भुशाऐवजी घालायचं काय? कापूस पसरला, तर त्याचे तंतू जर्बिलच्या पायाला गुंडाळले गेले. कात्रीने एकेक तंतू सोडवावा लागला. नागभीडहून माझ्या भावाने धानाची तणस, म्हणजे भाताचा पेंढा, पाठवली, पण तिला बुरशीचा वास येत होता. छापील वर्तमानपत्राची शाई तो चाटेल अशी भीती. शेवटी एका छापखान्यात जाऊन मी कोऱ्या कागदाच्या कातरणी मागितल्या. घरी त्या आणखी बारीक फाडल्या, उन्हात खडखडीत वाळवलेलं गवत त्यात मिसळलं आणि पेटी वीतभर भरली. त्याने जरा वेळ हुंगलं आणि सरळ आत सूर मारला.

चहाच्या वेळी मामाजी पेटीपाशी आले. रुसवा अजून उतरला नव्हता. "अजून वाजते का त्याची छाती?"

"वाजते. औषधाले वेळ लागन."

ते खाली बसले आणि पेटीच्या जाळीला कान लावला. उठले तेव्हा त्यांचा हात स्वतःच्या छातीवर होता.

"बाई, माहीबी अशीच वाजते. पहाटे."

मी चहाचा कप खाली ठेवला. "कधीपासून? अन् सांगतलं काऊन नाई?"

"मशीनवर होतो तवापासून. तिथी सगळ्याइचीच वाजे. त्यात का सांगाचं?"

मी त्यांच्या चपला दारापाशी आणून ठेवल्या आणि स्कूटीची किल्ली घेतली.