लग्नाचा मामा

माझा मामा बावन्न वर्षांचा होता आणि लग्नाचा होता. आमच्याकडे 'लग्नाचा' या शब्दाला वयाची अट नसते. लग्न होत नाही तोवर माणूस लग्नाचाच राहतो, मग भले त्याचे निम्मे दात गेलेले असोत. मामाचे दात मात्र शाबूत होते. तुळशीचं लग्न लागलं की तो वेंगुर्ल्याला जाऊन ते साफ करून घ्यायचा, केस काळे करायचा, दोन नवे शर्ट शिवायला टाकायचा आणि घराच्या पुढच्या भिंतीला रंग द्यायचा. मागच्या भिंती तशाच असायच्या. मुलीकडची माणसं मागे जात नाहीत, असं त्याचं म्हणणं.

हा माझ्या आईचा धाकटा भाऊ. वेंगुर्ल्यापासून आत, डोंगराच्या कडेला त्याची काजूची बाग आणि घर; राहायला तो एकटा. स्वयंपाक इतका छान करायचा की ओल्या काजूची उसळ खायला आम्ही कुडाळहून मुद्दाम जायचो. तरुणपणी मुलींनी त्याला मुंबईत नोकरी नाही म्हणून नाकारलं, नंतर वय झालं म्हणून. मधली दोनेक वर्षं अशी गेली असतील की त्याला नाकारायला ठोस कारणच नव्हतं, पण तेव्हा नेमकं कोणी बघायला आलं नाही.

मुली बघायला न्यायचं काम माझ्याकडे होतं. मामाला गाडी येत नव्हती, मला येत होती, आणि घटस्फोटानंतर माझे रविवार मोकळेच असायचे. घटस्फोटित भाची बरोबर घेऊन मुलगी बघायला जाणं म्हणजे नव्या खानावळीच्या दारात जुलाबाचा पेशंट बसवण्यासारखं आहे, हे मी त्याला समजावलं होतं. तो म्हणाला, "तू गाडयेतच बस. काच वर कर."

एकदा एका घरी मुलीचे वडील मामापेक्षा वयाने लहान निघाले. त्यांनी मामाला वाकून नमस्कार केला आणि तिथेच सगळं संपलं. परत येताना मी चडफडत गाडी चालवत होते. मामा मात्र खिडकीतून बाहेर बघत खुशीत बसला होता.

"माणसां बरी होती," तो म्हणाला. "जाताना 'परत येवा' म्हणाले."

"मामा, ते सगळ्यांनाच म्हणतात."

"म्हणूकच होया असा काय नाय."

मला त्याचा राग यायचा. आशा हा एक चिवट आजार आहे असं माझं त्या काळात ठाम मत होतं. माझ्या लग्नात मी चार वर्षं तो काढला होता. नवरा सुधारेल, सासू निवळेल, निदान कुत्रा तरी माझं ऐकेल. यातलं काहीच झालं नाही. मामाचं मात्र या आजारात उत्तम चाललं होतं. पोट दिसू नये म्हणून तो रोज पहाटे चालायचा, बीपी नाही, शुगर नाही. मी त्याच्याहून कितीतरी लहान आणि माझ्या पर्समध्ये ॲसिडिटीच्या गोळ्यांची पट्टी कायम.

मग आमच्या नात्यातल्या एका लग्नात, जेवणाच्या पंगतीत, कोणीतरी मोठ्याने विचारलं, "काय रे, यंदा खंयची बघतंस? शाळेतली काय अंगणवाडीतली?" पंगत हसली. मामाही हसला. आई हसली नाही. तिने पानातला लाडू तसाच ठेवला, आणि आई लाडू टाकते तेव्हा प्रकरण गंभीर असतं.

पुढच्या रविवारी तिने मामाला कुडाळला जेवायला बोलावलं. सुरमई तळली, सोलकढी केली, त्याला पोटभर जेवू दिलं आणि मग पुढच्या खोलीत समोर बसवून म्हणाली, "आता पुरे कर रे. लोक हसतत. तुझा लगीन आता जमाचा नाय. मनातसून काढून टाक, म्हणजे सुखान रवशीत."

मामा थोडा वेळ पंख्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "बरा."

एवढंच. वाद नाही, रुसवा नाही. चहा घेतला आणि एसटीने घरी गेला. आई आठवडाभर खुशीत होती. भाऊ किती समजूतदार, हे तिने शेजारच्या तिन्ही घरांत सांगितलं.

महिन्याभराने मी त्याच्याकडे गेले. काजूचा हंगाम होता. झाडांखाली बोंडं पडून कुजत होती, माश्या घोंघावत होत्या. सकाळचे अकरा वाजले होते आणि मामा खाटेवर पडून होता. केस अर्धे पांढरे, अर्धे तांबूस. दाढीचे खुंट वाढलेले. चुलीवर नुसता भात होता.

"अंघोळ केलीस?" मी विचारलं.

"कोण बघता?"

"काजू का नाही वेचलेस?"

"कित्याक?"

मी काहीही विचारलं तरी त्याची उत्तरं या दोहोंच्या पलीकडे जात नव्हती. मी त्याला जबरदस्तीने गाडीत घातलं आणि वेंगुर्ल्याला डॉक्टरकडे नेलं. बीपी भलतंच वाढलं होतं. तरुण डॉक्टरने गोळ्या लिहून दिल्या आणि मला बाजूला घेऊन म्हणाला, "त्यांना काहीतरी होप द्या." ती पण लिहून द्या, जेवणाआधी की नंतर तेही सांगा, असं माझ्या तोंडावर आलं होतं. परतीच्या रस्त्यात मामा एक अक्षर बोलला नाही. तेव्हा मला पहिल्यांदा जाणवलं की माझेही रविवार महिनाभर तसेच पडून होते. मी कुठेच गेले नव्हते. कोणाच्या घरचा पोह्यांचा वास नाही, परत येताना मामाची बडबड नाही.

आईला मी सगळं सांगितलं. ती रडली नाही. रडण्यात तिला वेळ घालवायचा नसतो. दुसऱ्या दिवशी माझ्याबरोबर आली आणि मामाच्या खाटेशी उभी राहून, जराही न चाचरता, धडधडीत खोटं बोलली.

"तुका एक स्थळ इला हा."

"माका नको," मामा भिंतीकडे तोंड करून म्हणाला.

"नको तर नको. आरोंद्याचा आसा. मास्तरीण. पन्नाशीची."

मी आईकडे बघत होते, आई छपराकडे.

"पन्नाशीची म्हणजे किती?" मामाने विचारलं आणि उठून बसला.

दुपारी त्याने अंघोळ केली. संध्याकाळी बागेत जाऊन उरलेसुरले काजू गोळा केले. आम्ही निघालो तेव्हा गाडीच्या खिडकीशी येऊन हळूच विचारलं, "बघूक कधी जावचा?"

अडचण अशी होती की आरोंद्याला अशी कोणी मास्तरीण नव्हती. निदान आईला ठाऊक नव्हती. तिने मग गावच्या देवळात जाऊन गाऱ्हाणं घालायचं ठरवलं. आमच्याकडे गाऱ्हाणं म्हणजे देवाशी सगळ्यांसमक्ष केलेली तक्रार. एकजण मागणं मागतो आणि बाकीचे 'होय म्हाराजा' म्हणून री ओढतात. आजपर्यंत त्या देवाकडे लोकांनी पाऊस मागितला, मुलगा मागितला, सरपंचपद मागितलं. आरोंद्याची मास्तरीण पहिल्यांदाच मागितली गेली. गाऱ्हाणं घालणारा क्षणभर अडखळला, पण आईने डोळे वटारल्यावर त्याने मागितलं आणि आम्ही सगळे 'होय म्हाराजा' म्हणालो. मग कौल लावला. देवाच्या अंगावर चिकटवलेली कळी उजवीकडे पडली तर होकार. ती उजवीकडे पडली.

"झाला," आई हात झाडत म्हणाली. "आता जबाबदारी देवाची."

शोधायचं काम मात्र माझ्याकडे आलं. आमच्या ऑफिसात आरोंद्याची एक मुलगी होती. तिला विचारलं तर ती म्हणाली, "माझी मावशी आहे. प्राथमिक शाळेत शिकवते. लग्न केलं नाही. पण तिच्यासमोर असला विषय काढलास तर छडीने मारेल."

मी गेले. खाडीच्या काठावर छोटं घर, अंगणात मिरच्या वाळत घातलेल्या. बाई उंच, चष्म्यातून रोखून बघणाऱ्या. खोटं बोलायची माझी तयारी होती, पण त्या नजरेपुढे जमेना. मी सुरमईपासून कळीपर्यंत सगळं सांगून टाकलं. त्या इतक्या हसल्या की चष्मा काढून डोळे पुसावे लागले.

"म्हणजे मी स्थळ आसंय," त्या म्हणाल्या, "आणि माकाच ठावक नाय!"

"सॉरी," मी म्हणाले.

"लगीन मी करूचंय नाय. ह्या घरात माका एकटीक बरा वाटता. पण बघूक येतत तर येवंदेत. माका बघूक कोण येवन किती वर्सां झाली." त्यांनी चष्मा परत लावला. "फक्त मी खोटा बोलूचंय नाय. नाय म्हणूचा आसा ता तोंडार म्हणतलंय."

ठरलेल्या रविवारी मामा तयार होऊन बसला होता. केसांचा रंग कानाच्या पाळीलाही लागला होता. आरोंद्याला पोचेपर्यंत त्याने मला तीनदा विचारलं की शर्ट जास्त भडक तर नाही ना. या खेपेला मी काच वर करून गाडीत बसले नाही. आईबरोबर आत गेले.

सुरुवात भयंकर झाली. मामा शुद्ध मराठी बोलायला लागला. "आम्ही वेंगुर्ल्याहून आलेलो आहोत. रस्ता उत्तम होता," असं तो म्हणाला, जणू तहसीलदारापुढे जबानी देतोय. बाईंनी खीर दिली. तीही त्याने उत्तम आहे म्हणून सांगितलं. मग त्यांनी वाटी खाली ठेवली आणि सरळ मालवणीत विचारलं, "तुमका लगीन कशाक करूचा आसा?"

मामा गडबडला. इतकी वर्षं त्याला बाग किती, घर कोणाचं, मुंबईला कोण, एवढंच विचारलं गेलं होतं. त्याने आईकडे पाहिलं. आईलाही ठाऊक नव्हतं.

"खरा सांगू?" तो शेवटी म्हणाला. "लगीन ठरात ठरात म्हणान मी सकाळी बरो उठतंय. दाढी करतंय. ठरल्यार मगे काय करतलंय, ता माका ठावक नाय."

आईने कपाळाला हात लावला. बाई मात्र त्याच्याकडे पहिल्यांदाच नीट बघत होत्या.

"मी नाय म्हणतंय," त्या म्हणाल्या. "राग मानू नका."

"बरा," मामा म्हणाला. हे 'बरा' ऐकून मी गाडीची किल्ली हातात घेतली. तेच ते पंख्याकडे बघून म्हटलेलं 'बरा'. पण तो उठला नाही. खिरीतला काजू चमच्याने पुढे-मागे करत त्याने विचारलं, "कायमचा नाय, काय आत्तापुरता?"

बाई विचारात पडल्या. खोटं बोलायचं नाही हे त्यांनीच ठरवलं होतं. अंगणातल्या मिरच्यांवर कावळा येऊन बसला, तो त्यांनी हाकलला नाही.

"कायमचा कोणाक ठावक?" त्या म्हणाल्या.

गाडीत बसताच मामा म्हणाला, "बरी आसा मास्तरीण." आणि सबंध रस्ता बोलत राहिला. पुढच्या आठवड्यापासून पहाटेचं चालणं सुरू झालं. बीपी उतरलं, तेव्हा डॉक्टरने गोळीचं श्रेय घेतलं आणि आईने ते देवाला दिलं. मी कोणाशीच वाद घातला नाही.

लग्न झालं नाही. मामा आता साठीला टेकलाय. हंगामात तो आरोंद्याला ओले काजू पोचवतो, बाई त्याला वाळवलेली सुंगटं, म्हणजे कोळंबी, देतात. तुळशीचं लग्न झालं की तो एकदा विचारतो, त्या नाही म्हणतात आणि मग दोघं चहा घेतात. पण मामा काही एवढ्यावर थांबणारा नाही. त्याने दुसरीकडे बघणंही सोडलेलं नाही, आणि गंमत म्हणजे बाईंना त्यात भारी रस. कुठलं स्थळ आलं की त्या फोनवरून चौकशी करतात, आणि मागच्या वर्षी खारेपाटणला गेलो तेव्हा माझ्या गाडीत पुढच्या सीटवर चक्क येऊन बसल्या.

खारेपाटणला मुलीच्या भावाने पाणी दिलं आणि बाईंकडे बघून विचारलं, "या कोण?"

मामा सहजपणे म्हणाला, "हेंनी माका नाय म्हटलेला आसा."

पोहेही आले नाहीत.

परत निघालो. कणकवलीच्या अलीकडे बाई मागे वळून म्हणाल्या, "असा सांगतत काय कोण? मी हिची आत्या म्हणान सांगूचा होता. तुमका अक्कल कधी येतली?"

"मगे तुमी पुढच्या टायमाक येव नका," मामा म्हणाला.

"येतलंय तर. तुमका एकट्याक धाडल्यार तुमी चपलां पण सोडून येशात." त्यांनी पदर सारखा केला आणि माझ्याकडे बघितलं. "गो, पुढचा स्थळ खंयचा आसा?"

मी म्हणाले, देवगडकडचं आहे, पण अजून नक्की नाही.

"मगे नक्की कर," मामा मागून म्हणाला, "माझे रविवार मोकळेच आसत."